बैलांपुढे रेसचा घोडा

माझ्या सासऱ्यांना बैलांतलं सगळं कळायचं आणि घोड्यातलं काहीच कळायचं नाही. एवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण जे कळायचं नाही तेच ते जास्त मोठ्यानं सांगायचे, आणि ओसरीवर बसलेली चार टाळकी माना डोलवायची. त्या डोलणाऱ्या मानांचा मला घोड्यापेक्षा जास्त ताप झाला.

पिंपरीच्या माळावर पहिल्या कारखान्यांच्या भिंती चढत होत्या तेव्हाची ही गोष्ट. मी रहाटणीत घरजावई होतो. मूळचा खेडच्या वरच्या अंगाचा. बाप लवकर गेला, जमीन भावकीनं गिळली, आणि माझ्या हातात एकच कला उरली, ती म्हणजे गाड्यापुढे घोडी पळवायची. सासऱ्यांकडे नावाजलेले बैल होते, पण दर जत्रेला घोडीवर बसायला माणूस शोधत हिंडावं लागायचं. म्हणून त्यांनी मला मुलगी दिली. लोक जावयाचं घराणं बघतात, त्यांनी माझ्या मांड्या बघितल्या.

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. चढाच्या लांब वाटेला आम्ही घाट म्हणतो. खालून एक हलका गाडा सुटतो. त्याला बैलांच्या दोन जोड्या असतात आणि गाड्यात माणूस नसतो. बैलांपुढे एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि बैल तिच्या मागे लागतात. वर पंच घड्याळ घेऊन बसलेले असतात. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. स्वाराचं कसब एवढंच, की घोडी बैलांच्या तोंडाशी राहिली पाहिजे. मागे पडली तर बैल तिला तुडवतात. फार पुढे गेली तर बैलांचा जीव उडतो, ते ढिले पडतात, नाहीतर सरळ माणसांत घुसतात.

सासऱ्यांची घोडी म्हातारी झाली, तेव्हा ते पुण्याला गेले आणि रेसमधून काढलेला एक घोडा घेऊन आले. मलाही बरोबर नेलं होतं, पण विचारायला नव्हे, घोडा चालवत आणायला. त्यांचं गणित सोपं होतं. जो घोडा साहेबलोकांच्या घोड्यांना मागं टाकतो, त्याच्या मागं आपले बैल लागले तर ते वाऱ्यालाच गाठतील. सगळ्या ओसरीला हे पटलं.

मी म्हणालो, "मामा, ह्याला मागं टाकायलाच शिकवलंय. आपल्याला मागं न टाकणारा पाहिजे."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "बसायचं काम तुमचं. इचार करायचं काम आमचं."

टाळकी डोलली.

घोडा तांबडा होता, उंच, छातीला रुंद, आणि मानेत असा ताठ की तुळई बरी. रेसकोर्सवर त्याचं काही इंग्रजी नाव होतं, ते आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो नुसता घोडाच राहिला. तोंडात साधा लगाम होता. आमच्याकडे तोंडात जाणाऱ्या लोखंडालाच लगाम म्हणतात, आणि हातात धरायच्या चामड्याच्या पट्ट्यांना वाद्या. ह्या लगामाला मधे एक सांधा, बाजूला दोन कड्या. त्याच्यावर मी पवनेच्या काठी पहिली दौड घेतली. मागे बैल सोडले होते. त्यांच्या घुंगरांचा आवाज कानावर पडताच घोड्यानं मान लांबवली आणि तो जो सुटला, तो मला थेरगावच्या ओढ्यापलीकडे घेऊन गेला. मी वाद्या पोटाशी ओढल्या, मागे आडवा झालो, पण काही उपयोग झाला नाही. जितकं ओढावं तितका तो जास्त रेटायचा. परत आलो तर बैल एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात उभे, शेतकरी सासऱ्यांना शिव्या देतोय, आणि माझा मेहुणा बांधावर बसून हसतोय.

"दाजी, पुन्याला जाऊन आलात काय? काही निरोप हाय का तिकडचा?"

हा मेहुणा माझ्या बायकोहून लहान, पण अंगानं दांडगा. बापाच्या घोड्यावर परका माणूस बसतो हे त्याला पहिल्या दिवसापासून सलत होतं. मलाही तो सलत होता. आम्ही दोघांनी ते कधी लपवलं नाही.

लगाम कच्चा आहे, असं ओसरीवर ठरलं. बाजाराच्या दिवशी सासरे, मेहुणा आणि मी चाकणला गेलो. तिथे घोड्याचं सामान विकणारा एक मुसलमान व्यापारी होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं गोणपाटावर लगाम मांडले. सांध्याचे, सरळ दांडीचे, पिळाचे, टाळूला टोचेल असा मधे उंचवटा असलेला एक, आणि शेवटी काटेरी. त्याच्या दांडीला दोन्ही अंगांनी बोरीच्या काट्यांएवढे लोखंडी दात होते. मी बोट फिरवलं तर कातडी खरवडली.

मी सरळ, जाड, गुळगुळीत दांडीचा लगाम उचलला. लगाम जितका जाड तितका तोंडाला सोपा. पातळ दांडी सुरीसारखी कापते. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते, तिथे दांडी नीट बसावी आणि ओठाच्या कोपऱ्याला एखादीच सुरकुती पडावी, एवढं बघितलं की झालं. मी हे सांगत होतो तोवर सासऱ्यांनी काटेरी लगाम उचलून हातात तोललासुद्धा होता.

"तोंड कडक हाय त्याचं," ते म्हणाले.

"तोंड कडक नाही मामा, डोकं गरम आहे. त्याला दुखलं की तो दुखण्यापासून पळणार. म्हणजे आणखी पुढेच पळणार. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"नाचता येईना अंगन वाकडं," मेहुणा म्हणाला.

मी चाचाकडे पाहिलं. चाचानं खांदे उडवले. "मी दोन्ही विकतो," तो म्हणाला.

काटेरी लगाम घरी आला. पुढचे काही दिवस आठवले की आजही माझ्या दाढा आवळतात. घोडा डोकं आभाळाकडे करून, तोंड वासून पळायचा. फेस तांबूस यायचा. बैल मागे राहायचे ते राहायचेच. माझे खांदे निखळायची वेळ आली, तर ओसरीवर निदान झालं की माझ्या हातात जोर नाही. सासरे म्हणाले, "हात न्हाईत, खुट्या हायत." त्या रात्री मला भाकर गेली नाही. मला त्या घराचा, त्या ओसरीचा, आणि दुसऱ्याच्या दारात खाल्लेल्या प्रत्येक घासाचा राग आला होता.

मग एका सकाळी नदीकाठी तो असाच सुटला आणि माझं डोकंच फिरलं. "मर, जा कुठं मरायचंय तिथं!" असं ओरडून मी वाद्या हातातून टाकून दिल्या. पडलो तर पडलो. पण घोडा चार ढांगा गेला आणि मंदावला. मग दुडक्या चालीवर आला. मग थांबला. मी त्याच्या पाठीवर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो आणि तो कान मागे वळवून निवांत ऐकत होता.

तेव्हा मला पुण्याची ती सकाळ आठवली. घोडा घेण्याआधी आम्ही त्याला पळताना पाहिलं होतं. स्वारानं वाद्या आखडून मानेजवळ घट्ट धरल्या तसा घोडा त्यांच्यावर रेलून लांब लांब ढांगा टाकायला लागला. दौड संपली तशा स्वारानं वाद्या सोडून दिल्या आणि घोडा गरीब गाईसारखा चालू लागला. आमच्या घोडीला शिकवलेलं असतं की ओढलं म्हणजे थांब. ह्याला आयुष्यभर शिकवलं होतं की ओढलं म्हणजे पळ. आम्ही सगळे मिळून त्याला रक्त निघेपर्यंत 'पळ, पळ' असं सांगत होतो आणि तो बिचारा पळत होता.

मी खाली उतरलो, काटेरी लगाम काढला आणि पवनेच्या डोहात भिरकावला. घोड्याला अंगावरच्या उपरण्यानं बांधून घरी आणलं.

जेवताना मी सगळ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी वाद्या सोडल्या की घोडं थांबतंय? मग उद्यापासनं कासरा सोडून नांगर धरा." मेहुण्याला हसता हसता ठसका लागला. त्यानंतर मी त्या घरात घोड्याबद्दल एक शब्द बोललो नाही. लगाम नदीत टाकल्याबद्दल सासरे माझ्याशी बोलायचे थांबले. काही सांगायचं असलं तर मी समोर बसलेला असताना बायकोला म्हणायचे, "त्यास्नी सांग."

बोलणं बंद झालं म्हणून कामाला मोकळीक मिळाली. पुण्याहून आलेला साधा लगाम मी पुन्हा चढवला. घोड्याचं ठाण हलवून बैलांच्या गोठ्यात आणलं. त्यांच्या घुंगरांत तो झोपला, त्यांच्या शेणात उभा राहिला, आणि त्यांना वैरण पडल्यावरच त्याला चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, मिळू लागली. शेणखताच्या गाड्या शेतावर जायच्या तेव्हा मी त्याला त्यांच्यापुढे चालवत न्यायचो. वाद्या सैल, अंग जड सोडलेलं, आणि तोंडानं हळू 'हो... हो...' एवढंच. तो पुढे गेला की मी ओढायचो नाही, वाद्या आणखी सैल सोडायचो आणि बसून राहायचो. मागचा गाडा येईपर्यंत त्याला कंटाळा यायचा, मला राग यायचा, पण तो राग मी हातात उतरू दिला नाही. मग नांगरटीतून दुडकी चाल, मग मोकळ्या रानात दौड. हिवाळा संपता संपता तो पळताना एक कान मागे ठेवायला लागला. घुंगरं लांबली की स्वतःच आखडायचा, जवळ आली की सरकायचा. मला त्या घोड्याचा लळा लागला. त्या घरात मला दुसरं कुणी आवडतच नव्हतं. बायको आवडायची, पण तिला तिचा बाप आवडायचा.

जत्रा जवळ आली तेव्हा सासऱ्यांनी शेवटचा निरोप दिला. मी समोर भाकरी खात होतो.

"त्यास्नी सांग," ते बायकोला म्हणाले, "जत्रंत घोडं बैलांना सोडून गेलं, तर जावईबापूंनी त्याच्या मागनंच जावं. हिकडं फिरू न्हाई."

रात्री मी बायकोला विचारलं, तसं झालं तर तू काय करशील. तिला दिवस गेलेले होते.

"मी न्हाई येनार," ती म्हणाली. "माझं बाळंतपन हितंच हुईल. तुमच्या गावाला हाय काय? भावकी आन् दगडं."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

चाकणच्या पलीकडच्या गावची चैत्रातली जत्रा होती. आमचा गाडा पुकारला तेव्हा मी खाली बैलांजवळ होतो. मेहुण्यानं घोडा आणून माझ्यासमोर उभा केला. त्याच्या तोंडात नवा कोरा काटेरी लगाम होता. चाचानं दुसरा विकला होता.

"आबांनी सांगितलंय," मेहुणा बापाचं नाव पुढे करत म्हणाला.

लगाम बदलायला वेळ नव्हता. वर झेंडा हलत होता. मी उडी मारून बसलो आणि दोन्ही वाद्या घोड्याच्या मानेवर टाकून दिल्या. ओढणाराच नसेल तर काटा टोचेल कुणाला? मी आयाळ धरली. गाडा सुटला. घुंगरं खणखणली, घोड्यानं एक कान मागे टाकला, आणि त्या सबंध चढावर तो बैलांच्या तोंडापासून ना हातभर पुढे गेला ना मागे आला. बैल जिवाच्या करारावर पळाले. वर पोचलो तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. मी घोड्याच्या मानेवर डोकं टेकून रडलो. राहतं घर राहिलं होतं, मूल माझ्या समोर जन्मणार होतं.

सासरे गुलालानं माखून आले. ते सरळ घोड्याच्या तोंडाशी गेले, काटेरी लगामावर हात फिरवला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "बघा. काट्याबिगर सरळ हुतंय व्हय?"

लोक लगाम बघायला दाटले. कुणी विचारलं, कुठं मिळाला. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. चांगल्या वेळात आलेल्या गाड्यांना संध्याकाळी पुन्हा पळायचं होतं, त्यांत आमचा होता. सासरे कित्येक महिन्यांनंतर प्रथमच माझ्याशी थेट बोलले, तेही खुशीत. "जावईबापू, आता इसावा घ्या. लगाम बरूबर असला की कोनीबी बसंल. संध्याकाळच्या बारीला घरचा पोरगा बसू द्या."

मेहुणा आधीच धोतर खोचत होता. त्याचे दंड मला दिसत होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत मोटेच्या बैलांचे कासरे ओढणारे दंड, आणि त्यांच्या पुढे काटेरी लगाम. मला तो माणूस आवडत नव्हता. तो पडावा असं मी पुष्कळदा मनात म्हटलं होतं. पण वर चढाच्या टोकाला बांधासारखी रचलेली दगडांची ताल होती आणि दोन्ही बाजूंना माणसं दाटीनं उभी होती. तो घोड्यावर बसला तसा मी त्याच्याजवळ गेलो, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जितकं मऊ बोलता येईल तितकं मऊ बोललो.

"अरे राजा, माझं एवढं ऐक. वाद्या ओढू नको. मानेवर टाकून दे आणि आयाळ धर. तो आपोआप थांबतो. माझ्या पोराची शपथ."

आजूबाजूच्या माणसांनीही ऐकलं. सासऱ्यांनी ऐकलं. मी त्या घरात आल्यापासून त्याच्याशी एक शब्द गोड बोललो नव्हतो. मग मेहुणा हसला, वाकून बापाला काहीतरी म्हणाला, आणि दोन्ही वाद्या मनगटांना गुंडाळून घेतल्या. करकचून.

पुढचं सगळं मला खालून दिसलं. गाडा सुटला आणि त्यानं ओढलं. घोडा असा निघाला की जणू मागे बैल नव्हतेच. अर्ध्या चढावर बैल उघडे पडले, बावरले, आणि डावीकडे लोकांत वळले. माणसं एकमेकांवर पडली, गाडा उलथला. कुणी मेलं नाही हे त्या गावच्या दैवताचे उपकार. घोडा वर गेला आणि तालीपलीकडे दिसेनासा झाला. तालीजवळ पडलेल्या मेहुण्याला चौघांनी उचलून आणलं. गळ्याजवळचं खांद्याचं हाड मोडलं होतं. घोडा मला पलीकडच्या रानात सापडला. जीभ कडेला चिरली होती, छातीवर रक्त गळत होतं, आणि तो थरथरत उभा होता. तुटलेल्या वाद्या त्याच्या पुढच्या पायात अडकल्या होत्या.

मी त्याला घेऊन आलो तेव्हा सासरे लोकांसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. मी त्यांना हळू बोलताना ऐकलं ते तेवढं एकदाच.

"समद्यांनी ऐकलं," ते म्हणाले. "ह्यो माझ्या पोराला म्हनाला, वाद्या सोडून दे. पळत्या घोड्यावर. आजवर त्याला कुत्र्यावानी बोलायचा, आन् आज राजा म्हनाला. तवाच मला वळखायला पायजे व्हतं."

टाळकी डोलली. ह्या वेळी ती सगळ्या जत्रेची होती. जे खरं होतं ते माझं आधीच सांगून झालं होतं. "ह्यो मुडदाबी घेऊन जा," ते घोड्याकडे बोट करून म्हणाले. मी काटेरी लगाम काढून त्यांच्या पायाशी टाकला आणि घोड्याला दोरानं धरून रहाटणीच्या वाटेला लागलो. कपडे घ्यायचे होते. आणि बायकोला विचारायचं होतं.

बातमी माझ्याआधी पोचली होती. ती दारात उभी होती, पोटावर हात धरून. रडून डोळे सुजले होते. मला वाटलं, निदान ही विचारेल की काय झालं.

तिनं विचारलं, "तुमी त्याला राजा म्हनालात?"

"व्हय," मी म्हणालो.

"माझ्या पोराची शपथ घातली?"

"घातली."

तिनं माझं गाठोडं आतून आणून उंबऱ्यावर ठेवलं. आधीच बांधून ठेवलेलं होतं. "मग माजा बाप खरंच बोलतोय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी गाठोडं घोड्याच्या पाठीवर टाकलं आणि निघालो. मुलगा झाल्याचं मला तिसऱ्या माणसाकडून कळलं. मी तोवर चिंचवड स्टेशनवर टांगा चालवत होतो. घोड्याची जीभ भरून आली, कडेला खाच राहिली. टांग्याला तो आठवड्याभरात सरावला. बाकीचे टांगेवाले वाद्या ओढत आणि मी सोडत असे, म्हणून ते मला वेडा म्हणायचे. मूल रांगायला लागलं तेव्हा बायको आली. का आली हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढे संसार झाला, तीन मुलं झाली, सासरे गेले, मेहुणा आणि मी एकमेकांच्या घरच्या लग्नांत शेजारी बसून जेवलो. एक खांदा खाली ठेवून तो वाढप करायचा.

एकदाच, खूप वर्षांनी, तिला ताप भरला होता. मी उशाशी बसून कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "राणी, दोन घास खाऊन घे गं."

तिनं डोळे उघडले. माझा हात कपाळावरून हळूच बाजूला केला आणि घाबरून विचारलं, "काय केलंत तुमी?"